वखारीचे दार कोणासाठी?



नामदेवरायांच्या या गावी, कयाधूच्या काठी, समुद्रकाठच्या वखारींविषयी बोलणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु वऱ्हाड-मराठवाड्याचा कापूस मुंबई बंदरातूनच परदेशी जात असे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या वखारींशी आपले नाते अगदीच दूरचे राहत नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाराला तेजी आली. युद्ध संपताच ती कोसळली. व्यापार मात्र राहिला. पुढे बगदादी ससून घराण्यातील आल्बर्ट ससून यांनी कुलाब्यास भराव घालून केलेल्या जमिनीवर गोदी बांधली. १८७५ साली उभी राहिलेली हीच ससून गोदी. कालांतराने कापसाची ये-जा तेथून हटली आणि ती मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये या गोदीतील एका जुन्या वखारीत चित्रे व शिल्पे यांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथील कोळी बंधुभगिनींची भव्य छायाचित्रे भिंतींवर झळकली. ज्यांनी गोदीत कधी पाऊल टाकले नव्हते, असे नागरिक मासळीच्या वासातून वाट काढीत आत आले. २०२२ च्या डिसेंबरात असाच उत्सव तेथे पुन्हा झाला. कोचीला २०१२ साली अॅस्पिनवॉल कंपनीच्या जुन्या आवारात द्वैवार्षिक कलाप्रदर्शन सुरू झाले, तोही याच वाटेवरचा प्रयत्न.

या गोष्टीचे मी मनापासून स्वागत करतो. जुनी वखार पाडली म्हणजे नुसत्या विटा जात नाहीत. त्या छपराखाली ज्यांनी पाठीवर गठ्ठे वाहिले, त्यांच्या श्रमांची एकुलती खूणही जाते. शिवाय जाड भिंती, उंच छप्पर आणि मध्ये मोकळी जागा अशी वखारीची ठेवणच सभेला, नाटकाला, प्रदर्शनाला सोयीची असते.

परंतु उत्सव म्हणजे संस्था नव्हे. दोन महिने दिवे लागले आणि मग पुन्हा कुलूप पडले, तर त्या वखारीचे रूपांतर झाले असे कसे म्हणावे? आणि उलट, कलेच्या नावाखाली जागेचे मोल वाढून मासळी सोलणाऱ्या बाईलाच तेथून उठावे लागले, तर भिंतीवरचे तिचे चित्र ही तिची थट्टाच ठरेल. म्हणून माझ्या मते कसोटी तीन प्रश्नांची आहे. दार वर्षभर उघडे राहते काय? आत येण्यास पैसा लागतो काय? आणि जे तेथे आधीपासून राबत आहेत, त्यांना कारभारात शब्द आहे काय?

हे प्रश्न केवळ मुंबईचे नाहीत. आपल्याकडेही बंद जिनिंग कारखाने आहेत, रिकामी गोदामे आहेत. गावाने मनावर घेतले, तर अशा एखाद्या जागेत वाचनालय चालेल, भजन होईल, शाळेच्या मुलांचे नाटकही होईल. मात्र किल्ली एका माणसाच्या कमरेला असू नये.

नामदेवरायांनी पंढरपुरी गाभाऱ्यातील आसन मागितले नाही. परंपरा सांगते की त्यांनी महाद्वारातील पायरी मागितली. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे पाय लागावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. सार्वजनिक जागा कशी असावी, हे त्या पायरीहून अधिक स्पष्टपणे कोणी सांगितल्याचे मला तरी आठवत नाही.