रुग्णाचे ताट
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१९४१ साली मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी त्याच्या पायऱ्या चढल्या आहेत. कर्करोगावर औषधोपचार डॉक्टर करतात; परंतु नाशिकास परतल्यावर ताट आपणच वाढतो, आणि चूक तेथेच होते.

आमच्या घरी असा रुग्ण असता मायेने येणाऱ्या प्रत्येकाने एकेक पदार्थ वर्ज्य सांगितला. कोणी दूध, कोणी साखर. कोणी नवसाचे उपवास सुचविले. आम्ही सारे ऐकले. महिन्याभरात वजन इतके उतरले की पुढील उपचार लांबणीवर पडला. ती उपासमार आम्हीच घडविली, हे आम्ही कबूल करतो.

केवळ द्राक्षांवर राहिल्याने हा रोग बरा होतो, असे पुस्तक १९२८ साली दक्षिण आफ्रिकेच्या योहाना ब्रँट यांनी लिहिले. त्यास पुरावा कधीच मिळाला नाही. आपल्या गावची द्राक्षे स्वच्छ धुऊन अवश्य द्यावी. पण फळ म्हणून, औषध म्हणून नव्हे.

उपचारकाळी अन्नावरची वासना उडते, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. यास्तव थोडेथोडे, दिवसातून पाचसहा वेळा द्यावे: तूप घातलेली मऊ खिचडी, मुगाचे वरण, दुधात शिजविलेले नाचणीचे सत्त्व, ज्यांस चालते त्यांस पूर्ण उकडलेले अंडे. तिखट टाळावे, पाणी व दूध उकळून घ्यावे. पेशी घटल्या असता कच्ची कोशिंबीर नको. काढे डॉक्टरांस विचारल्यावाचून देऊ नयेत.

समाचारास जाताना पथ्यांची यादी नेऊ नका. गरम खिचडीचा डबा न्या.