वैमानिकाचा व्यवसाय : खर्चाचा व मिळकतीचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भिवंडी येथे केलेले भाषण)



 आपल्या काही मुलामुलींना वैमानिक व्हावयाचे आहे. त्यांचे पालक खर्चाची चौकशी करतात. आयुष्यभर मुलांना व्याजाची उदाहरणे घातली. आज तेच उदाहरण वडीलधाऱ्यांपुढे मांडतो.

भारतातील पहिला वैमानिक परवाना १९२९ साली जे. आर. डी. टाटांना मिळाला, ते जुहू येथे विमानविद्या शिकले. त्या काळी ती धनिकांची हौस होती. पुढे ही विद्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ स्त्रियांनी चालविलेल्या प्रवासी विमानाचे नेतृत्व केले. तेव्हा हे क्षेत्र मुलींचे नव्हे, असे कोणी म्हणू नये.

व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते, २०० तासांचे उड्डाण करावे लागते, आणि हवामान, दिशाज्ञान, नियम इत्यादी विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. धुळे, बारामती, गोंदिया, नागपूर येथे शिक्षणाची सोय झालेली आहे. खर्च साधारणतः ४० ते ६० लाख रुपये. एवढ्यावर भागत नाही. ज्या जातीचे मोठे विमान चालवावयाचे, त्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. त्यास आणखी १५ ते २० लाख धरावेत.

आता व्याज पाहू. ५० लाखांचे कर्ज दरसाल १० टक्क्यांनी काढले, तर सर्व रक्कम उचलल्यावर केवळ व्याजच वर्षाला ५ लाख होते. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६ हजार, आणि एकूण फेड ७९ लाखांच्या घरात जाते. नवोदित सहवैमानिकास महिन्याला साधारणतः दीड ते अडीच लाख मिळतात. १,५०० तासांचा अनुभव व वरचा परवाना मिळवून तो कॅप्टन झाला, म्हणजे पाच लाखांच्याही पुढे. म्हणून नोकरी लागल्यास हे कर्ज सहज फिटते. प्रश्न आहे तो नोकरी लागेपर्यंतच्या काळाचा. परवाना हाती आला म्हणजे नेमणूक झाली, असे नव्हे. वर्ष-दोन वर्षे वाट पाहणारे तरुण आहेत, आणि व्याज कोणाची वाट पाहत नाही.

नोकरीही अढळ नाही. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज, २०२३ साली गो फर्स्ट या कंपन्यांची उड्डाणे थांबली. उलटपक्षी, त्याच २०२३ साली एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली, आणि २०२५ साली नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. भरती-ओहोटी या धंद्याचा स्वभावच होय.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, स्वस्त कसोटी आधी, महाग पाऊल मागाहून. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत वा हृदयात दोष निघाल्यास तेथेच थांबता येते. लेखी परीक्षा उड्डाणाचे शुल्क भरण्यापूर्वीही देता येतात, त्या उत्तीर्ण व्हाव्यात. मग संस्थेत जाऊन विमाने किती, शिक्षक किती, मागील तुकडीस २०० तास पुरे करण्यास किती महिने लागले, हे विचारावे. सर्व शुल्क एकदम देऊ नये. इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत या शिक्षणाची योजना काढलेली आहे. पात्र कुटुंबांनी तिची चौकशी अवश्य करावी.

साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका बहुधा तारण मागतात. आपल्या गावी कोणाचे यंत्रमाग आहेत, कोणाची गोदामाखालची जागा, कोणाचे केवळ राहते घर. ज्याच्यापाशी दुसरी मिळकत आहे त्याने धाडस करावे. परंतु ज्या छपराखाली धाकटी भावंडे शिकत आहेत, ते छप्पर एका मुलाच्या परवान्यासाठी गहाण पडू नये. वैद्यकीय तपासणी व लेखी परीक्षा यांच्या खर्चापुरते साह्य मंडळाच्या शिक्षणनिधीतून मिळावे, अशी माझी अध्यक्ष महाराजांना नम्र विनंती आहे. एवढ्या अल्प रकमेत होतकरू मुलाची पारख होईल, आणि नापास ठरलेल्या मुलाचे घरही शाबूत राहील.