यात्रेत बाळाचा घास

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘प्रवासात लहान मुलाचे खाणे’ असा. विषय साधा दिसतो; पण येरमाळ्याच्या बाईला तो काही नवा नाही. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या डोंगराखाली जी गर्दी लोटते, तीत कडेवरचे मूल नाही अशी बाई शोधावीच लागेल. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते, चुनखडी वेचण्यासाठी माणसांचा पूर येतो, वर चैत्राचे ऊन. त्या गर्दीत आठ-दहा महिन्यांचे मूल रडू लागले की त्याच्या हातात पहिल्यांदा काय जाते? चहात बुडवलेले बिस्कीट. त्या बिस्किटाविषयी मला आज बोलायचे आहे.

आधी उष्टावणाचे. आपल्याकडे मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट लावतात. सोहळा गोड आहे, तो जरूर करावा. परंतु पोटाला मुलगा-मुलगी हा भेद कळत नाही. सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरचे दूध, आणि फक्त तेच. उन्हाळ्यातसुद्धा वरून पाणी लागत नाही. सातवा लागला की वरचे अन्न सुरू करायचे. म्हणून मुलीचे उष्टावण पाचव्यात न करता सातव्यात करावे, म्हणजे शास्त्रही राहते आणि डॉक्टरही रागावत नाहीत. अलीकडे आपल्या पुण्या-मुंबईच्या लेकी-सुना मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजातून सहलीला जातात. बऱ्याच जहाज कंपन्यासुद्धा सहा महिन्यांच्या आतले मूल जहाजावर घेत नाहीत. कारणे निराळी असतील. पण सहाचा आकडा तेथेही आहे, याची मला गंमत वाटली.

आता घरच्या ताटातले मुलाला द्यावे की वेगळे शिजवावे? माझे मत विचाराल तर घरचेच द्यावे. वेगळे काही करायचे नाही, फक्त वेळेवर बाजूला काढायचे. वरण शिजले, घोटले, की तिखट-मीठ आणि फोडणी पडण्याच्या आधी मुलाच्या वाटीपुरते काढून घ्यावे. त्यात मऊ भात किंवा भाकरीचा पापुद्रा कुस्करावा, वर चमचाभर तूप किंवा तेल घालावे. एक वर्षापर्यंत मुलाला वेगळे मीठ नको, साखर-गूळही नको. मध तर मुळीच नको. घुटीत मध चाटवण्याची चाल आता सोडलीच पाहिजे, कारण मधातून येणारा एक जंतू वर्षाच्या आतल्या मुलाला भारी पडतो.

घास पातळ नसावा. पळीवरून ओघळणारे पेज-पाणी मुलाचे पोट भरते, पण अंगाला लागत नाही. चमच्यावर ठरेल इतके घट्ट हवे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनतीनदा. मग हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीनचार वेळा, आणि तेव्हा अगदी गुळगुळीत वाटायचे नाही. थोडे दाणेदार राहू द्यावे, नाहीतर मूल पुढे चावायलाच कुरकुरते. वर्षाचे झाले की आपल्याच पंगतीत बसवावे. अंगावरचे मात्र दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. प्रवासात तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. ते नासत नाही, गरम करावे लागत नाही. एसटीच्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ केलेले आहेत. कुलूप दिसले तर किल्ली मागावी, लाजू नये. ती खोली आपल्यासाठीच आहे.

वाटेत काय न्यावे? माझा एक साधा नियम आहे: जे स्वतःच्या सालीत आहे ते चांगले. केळे, सालीसकट उकडलेला बटाटा, कवचातले उकडलेले अंडे. त्याला बाहेरच्या हाताचा स्पर्श नाही. आपले हात साबणाने धुवायचे, साल काढायची, कुस्करायचे, भरवायचे. दुसरे सातूचे पीठ. ते भाजलेले असते, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवले की झाले. घरून नेलेला भात-वरण मात्र दोन तासांच्या आत संपवावा, चैत्राच्या उन्हात त्याहूनही लवकर; उरलेली वाटी ‘वाया कशाला’ म्हणून दुपारी पुन्हा भरवू नये. खानावळीत बसावे लागले तर वाफाळता पांढरा भात मागावा. तेथल्या वरणात मीठ-तिखट असतेच.

उघड्यावर चिरलेले कलिंगड, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस यांच्याकडे मुलाला घेऊन जाऊच नये. जहाजावरही, सगळे एकाच पळीने वाढून घेतात तेथे, उलटी-जुलाबाची साथ पसरते. त्या साथीच्या जंतूपुढे हाताला चोळायचे ते बाटलीतले औषध पुरे पडत नाही, साबण-पाणीच लागते. महागड्या जहाजालाही शेवटी साबणाचीच वडी तारते!

एक गोष्ट सांगताना थोडी भीती वाटते, कारण ती प्रसादाची आहे. फुटाणे, खडीसाखर, शेंगदाणे हे कोणीतरी प्रेमाने मुलाच्या तोंडात घालते. लहान मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकायला वेळ लागत नाही. प्रसाद मुलाच्या कपाळाला लावावा आणि आईने खावा. देवीला त्यात उणे वाटण्यासारखे काही नाही. शेंगदाणा द्यायचाच तर बारीक कूट करून, घासात मिसळून. तरीही वर्षाच्या आतल्या मुलाला काही अडकले आणि त्याला रडता-खोकता येईना, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाचदा दाबावे. निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवावे आणि एकीने दवाखान्याकडे माणूस धाडावा. दिसत नसताना घशात बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते.

आणि जुलाब लागलेच तर? १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजवले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती चाराच्या आत आली. ते पाणी पाजणारी माणसे आपल्यासारखीच होती. पाकीट मिळाले तर ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळे घालावे. नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर अर्धी वाटी, चमच्या-चमच्याने. खाणे आणि अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडले किंवा जुलाबात रक्त दिसले, तर नवस बोलत बसू नये, दवाखाना गाठावा.

यात्रा चार दिवसांची. पण आपल्या बीड-धाराशिवकडच्या कितीतरी बाया दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पाच-सहा महिन्यांच्या प्रवासालाच निघतात. त्यांचे मूल फडाच्या कडेला गाडीखाली निजते, आणि त्याला सांभाळते सहा-सात वर्षांची बहीण. ती बिचारी काय भरवणार? पुडा फोडते. अशा घरांना जाण्याआधी आपण दोन गोष्टी सांगू शकतो. पहाटे भाकरी-वरण होते तेव्हाच आईने मुलाला बिनतिखटाचा घास भरवून मग फडावर जावे, आणि दुपारसाठी सातूचे पीठ त्या बहिणीच्या हाती, कालवायला शिकवून, द्यावे. दुसरे, अंगणवाडीतले मुलाचे नाव जेथे तळ पडेल तेथल्या अंगणवाडीत बदलून घेता येते. निघण्यापूर्वी सेविकाताईंना तसे सांगितले पाहिजे. मूल फडावर गेले म्हणून त्याचा खाऊ गावात राहू नये.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवते. येत्या चैत्री यात्रेला आमराईच्या वाटेवर आपला एक मांडव असावा. त्यात उकळलेल्या पाण्याचा हंडा, साबण, पातेलेभर बिनमिठाची मऊ मूगडाळ-खिचडी, आणि आईला पदराआड बसता येईल असा एक आडोसा. खिचडी दर दोन तासांनी ताजी शिजवावी लागेल, म्हणजे दोन चुली आणि पाळीपाळीने दहा-बारा बाया हव्यात. पहाटेची पाळी मी घेते. बाकीच्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. मोठे पातेले कोणाच्या घरी आहे तेही सांगावे.