जमीन एक, दप्तरें तीन



एका जमिनीची नोंद सरकारदरबारीं किती ठिकाणीं असते, असें निफाडच्या द्राक्षबागाईतदारास विचारलें, तर तो प्रथम सातबाराच पुढें करील. परंतु खरेदीखत नोंदलें जातें दुय्यम निबंधकाच्या कचेरींत. हक्काची नोंद होते गांवच्या फेरफार-वहींत व सातबाऱ्यावर. आणि शेताची हद्द असते भूमि-अभिलेख खात्याच्या नकाशावर. पूर्वीं हीं दप्तरें कापडी रुमालांत बांधलेलीं असत. आज तीं निरनिराळ्या डेटाबेसमध्यें आहेत.

दप्तरें वेगळीं असण्यांत दोष नाहीं. अडचण येते ती एकाच व्यवहाराचीं दोन पावलें दोन घरांत पडतात तेव्हां. शेतकऱ्यानें पैसे दिले, खत नोंदलें, पण फेरफार झाला नाहीं, तर सातबाऱ्यावर जुन्या मालकाचेंच नांव राहतें. आणि कर्ज देतांना बँक तोच उतारा पाहते. नवा मालक दारांत उभा, कागदावरचा जुना मालक आंत बसलेला!

संगणकाच्या कारागिरांसही हाच पेंच पडतो. संकेतस्थळ बांधण्यासाठीं ते तयार सांगाडा वापरतात. जँगो हा त्यांपैकीं एक. अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या वृत्तपत्र-कचेरींत तो जन्मला व २००५ सालीं सर्वांस खुला झाला. २०१० सालच्या १.२ या आवृत्तीपासून त्यांत एकाच आज्ञावलीस अनेक डेटाबेस जोडतां येतात. कोणती नोंद कोठें वाचावी व कोठें लिहावी, हें सांगणारा वाटाड्या नेमतां येतो. त्यास राउटर म्हणतात. टपाल-कचेरींत पत्रें निवडणाऱ्या कारकुनाचेंच हें काम.

परंतु ‘सर्व होईल, नाहीं तर कांहींच होणार नाहीं’ ही व्यवहाराची हमी तेथें एकेका डेटाबेसपुरतीच असते. पहिल्यांत लिहून झालें आणि दुसऱ्यांत लिहितांना वीज गेली, तर पहिलें लिखाण आपोआप पुसलें जात नाहीं.

यावरील उपाय महसुली व्यवहारांत जुनाच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें खत नोंदणारा अधिकारी महसूल खात्यास सूचना धाडतो. मग फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस मिळते, हरकत ऐकली जाते, आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. आतां ही सूचना ‘आय-सरिता’ प्रणालींतून ‘ई-फेरफार’ प्रणालीकडे संगणकानेंच जाते. कारागिरानेंही हाच मार्ग धरावा: एक दप्तर मूळ मानावें, दुसऱ्याकडे जाणारी सूचना क्रमांक घालून आपल्या वहींत टिपावी, पोंच येईपर्यंत ती पुन्हा धाडावी, क्रमांक एकच असल्यास नोंद दोनदां होऊं देऊं नये, आणि ठराविक वेळीं दोन्ही दप्तरें ताडून पाहावीं.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालीं निफाडचाच. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला, आणि पुढें रानडे यांनीं त्याखालील खास न्यायाधीशाचें काम पाहिलें. नोंद एकाच्याच पेटींत बंद असली म्हणजे काय होतें, तें त्या पिढीनें अनुभविलें. नोंद अनेक ठिकाणीं असून मेळ नसला म्हणजे काय होतें, तें अनुभवण्याची पाळी आजच्या खरेदीदारावर येऊं नये. खत नोंदून घरीं परतणाऱ्यानें कांहीं आठवड्यांनीं सातबाऱ्याचा उतारा काढावा आणि आपलें नांव स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावें.