मिरगी : दोष कुणाचा?
(राजूर येथे पालकांपुढे केलेले भाषण)



मिरगी, फेफरे, आकडी, फीट अशी या आजाराची अनेक नावे. घरातल्या मुलाला तो जडला की आपण औषधाआधी दोषी शोधू लागतो. कुणी नजर लागली म्हणतो, कुणी बाहेरची बाधा समजून ताईत बांधतो, आणि अखेर सारे खापर आईच्या माथी फुटते. म्हणून शास्त्र काय सांगते ते आज आपणापुढे ठेवतो.

राजूर हे कोळशाचे व चुन्याचे गाव. खाणीच्या फाटकातून कुणी केव्हा आत जावे आणि केव्हा बाहेर यावे याला नियम असतो, हे आपणास सांगायला नको. मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या आवरणातही अशीच अतिसूक्ष्म फाटके असतात. त्यांतून सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते आणि विजेचा संदेश पुढे सरकतो. या फाटकांचा आराखडा जनुकांत असतो. त्यात एका अक्षराची चूक झाली तरी फाटक बिघडू शकते. मग असंख्य पेशी भलत्या वेळी एकदम चेततात आणि आकडी येते.

सर्वच मिरगी अशी नसते. जन्मवेळची इजा, डोक्याला मार, मेंदूतील जंतुदोष हीही कारणे आहेत. परंतु तान्ह्या वयात, तापात, वारंवार व लांबणारे झटके येऊ लागले तर ड्राव्हे नावाच्या आजाराची शंका घ्यावी. फ्रान्सच्या डॉक्टर शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ साली त्याचे वर्णन केले. २००१ साली बेल्जियमच्या संशोधकांनी अशी सात मुले तपासली. सातही मुलांत सोडियमच्या फाटकाचे एकच जनुक बिघडलेले आढळले, आणि हा बिघाड आईबापांकडून आलेला नव्हता; मुलातच नव्याने झालेला होता. मग आईचा दोष कोणता?

लसीलाही असाच बोल लागतो. लसीनंतर मेंदूला इजा झाली असे मानलेल्या १४ रुग्णांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ११ जणांत हेच जनुक बिघडलेले निघाले.

हे ज्ञान उपचारालाही उपयोगी आहे. या आजारात मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींचेच सोडियम-फाटक दुबळे असते. त्यामुळे ते फाटक अडवणारी मिरगीची काही नेहमीची औषधे येथे झटके वाढवू शकतात. म्हणून पहिला झटका कधी, किती वेळ, ताप होता का, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर येथे मोठी रुग्णालये आहेत. चालू औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा.

आणि मुलाला शाळेतून काढू नका. त्याच्या आजारात ना त्याचा गुन्हा, ना त्याच्या आईचा. लपवण्यात गेलेला काळ मात्र त्याच्याच वाट्याचा असतो.