जुन्या पेटीचें चामडें

आज मी कोणताही थोर विषय घेऊन आपल्यापुढें आलेलों नाहीं. आगाशीच्या आमच्या घरांत माझ्या वडिलांची बाजाची पेटी आहे. तिच्यांतील कडक झालेलें चामडें गेल्या उन्हाळ्यांत मीं स्वतः बदललें, त्याची ही हकीकत.

पेटी मूळची फ्रान्सांतील. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिला मांडी घालून वाजविण्याजोगें रूप दिलें, आणि आमच्याकडे गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं तिला गवयांच्या पंक्तीस बसविलें. पुढें १९४० सालीं आकाशवाणीनें तिला मज्जाव केला, तो सुमारें तीस वर्षांनीं सैल झाला. त्याच ध्वनिक्षेपकावरून आज तिच्या दुखण्याची चर्चा करतांना मला थोडी गंमत वाटते.

पियानोंत नमद्याचे हातोडे तारांवर आपटून दगडासारखे होतात व नाद कर्कश येतो; कारागीर सुयांनीं टोचून तो नमदा मोकळा करतात. पेटींत तारा नाहींत, वारा आहे. प्रत्येक पट्टीखालीं एक झडप असते व तिच्या पोटाला मऊ चामडें लावलेलें असतें. पट्टी दाबली कीं छिद्र उघडतें, वारा पितळी सुरांतून वाहतो. सोडली कीं चामडें छिद्र बंद करतें. हें चामडें वर्षानुवर्षें छिद्राच्या कडेवर दाबलें जाऊन त्यावर खळगा पडतो, तें ताठ होतें, आणि न दाबलेला सूरही कण्हत राहतो. आमच्या गांवीं तर समुद्राची दमट हवा, शिवाय नमद्याला कसर व सरसाला झुरळें! पितळी सूर मात्र सहसा दगा देत नाहींत.

मुलगा म्हणाला, "बाबा, नवी घ्या." मला तें रुचलें नाहीं.

प्रथम मीं मोठी चूक केली. चपलांचें जाड चामडें आणून तीन झडपांना बाजारी रासायनिक गोंदानें चिकटविलें. पट्ट्या खटखट वाजूं लागल्या व वारा अधिकच गळूं लागला. तें उखडतांना लाकडाचे पापुद्रे निघाले. अखेर वसईच्या एका वृद्ध कारागिरास गांठलें. झडपा पाहून तो म्हणाला, "गुरुजी, सरसच वापरा. उद्यां कोणाला ही पुन्हां उघडावी लागेल, त्याची सोय ठेवा." ऊन पाण्याच्या फडक्यानें सरस सुटतो; तो गोंद सुटत नाहीं. चामडें मेंढीचें, पातळ व सर्वत्र सारख्या जाडीचें घ्यावें आणि त्याची लवदार बाजू छिद्राकडे ठेवावी, हेंही त्यानेंच सांगितलें.

उरलेल्या झडपा ऊन फडक्यानें एकेक सोडवूं लागलों, तेव्हां त्यांच्या पाठीवर शिसपेन्सिलीचे आंकडे दिसले. त्यांतील सातचा अंक पाहून हात थांबला. त्याला तशी लांब शेपटी आमचे वडीलच काढीत. म्हणजे हें काम त्यांनीं पूर्वीं एकदां केलें होतें, आणि घरांत कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचा सरस पांच मिनिटांत सुटला. माझ्या तीन झडपांवर मात्र त्यांचे आंकडे उरले नाहींत.

गेल्या एकादशीस पेटी भवानीशंकराच्या देवळांत भजनाला नेली. मधल्या सप्तकाचा गंधार अद्याप किंचित् फुसफुसतो. तो त्या तिघांपैकीं एक. पावसाळा सरल्यावर ती झडप पुन्हां उघडणार आहें.