मिठाचा घुमट आणि एक चूक



“सर, उत्तरात थोडा फरक पडला तर काय बिघडते?” असे वर्गात मुले मला नेहमी विचारतात. आज त्याचे उत्तर मिठाच्या साहाय्याने देतो.

अमेरिकेच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या आखाताकाठी, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचे पाणी आटून मिठाचे जाड थर साचले. त्यांवर हजारो फूट गाळ चढला. दाबाने गाळ घट्ट व जड झाला. मीठ मात्र हलकेच राहिले. अशा दाबाखाली मीठ मळलेल्या कणकेसारखे अतिशय सावकाश सरकते. जेथे वाट मिळाली तेथे ते वर चढले. यालाच मिठाचा घुमट म्हणतात.

मिठातून तेल पाझरत नाही, म्हणून ते घुमटाच्या कडेला व माथ्यावर अडून साठते. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे अशाच घुमटावर तेलाचा प्रचंड फवारा उसळला. घुमटात पाणी सोडून मीठ विरघळवले की मोठी पोकळी तयार होते. टेक्सास व लुइझियाना येथील अशा पोकळ्यांत अमेरिका आपले राखीव खनिज तेल साठवते.

परंतु तेच पाणी नको तेथे शिरले तर? लुइझियानातील पेन्यूर तळ्याखालच्या घुमटात मिठाची खाण होती. २० नोव्हेंबर १९८० रोजी तळ्यात तेलासाठी विहीर खोदत असताना पाणी खाणीत शिरले. मीठ विरघळू लागले, भोक वाढत गेले आणि तळे भोवऱ्यासारखे फिरत खाली गेले. खोदाईचा मनोरा, मालवाहू तराफे, काठची जमीन, सारे ओढले गेले. खोदाईची जागा ठरवताना मोजणीत चूक झाली, असे मानले जाते.

खाणीत त्या वेळी ५५ कामगार होते. एकाने पाणी पाहताच इशारा दिला. बाहेर पडण्याचा सराव सर्वांना होता. सगळे सुखरूप वर आले.

विद्यार्थी मित्रांनो, मीठ तेच आणि पाणीही तेच. मोजून सोडले तर कोठार होते, न मोजता शिरले तर खाण बुडते. आणि पालकहो, मुलांची वही पाहताना केवळ गुण पाहू नका. उत्तर त्याने पुन्हा पडताळले का, एवढे अवश्य विचारा.